पाहुणचार खर्च

शेवटी भरमा कामगार झाला. सरकारी आदेशाने झाला, गोल शिक्क्यासकट झाला. पिरनवाडीच्या शांतिनाथ अण्णांच्या शेडमध्ये नऊ नव्हे तर दहा माणसं राबतात आणि त्यातला दहावा भरमा आहे, हे सरकारने लेखी कबूल केलं.

आता हे झालंच नाही असं धरून चालू या. शेडमध्ये सगळे तसंच धरून चालतात, आपणच कशाला शहाणपणा करा?

तर भरमा अजून पाहुणा आहे. ऑफिसातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला आहे. अंगात पांढरा शर्ट आहे, हातात कपबशी आहे, नखांत काळं ग्रीस आहे म्हणून बोटं मुडपून घेतली आहेत. आणि दारात कामगार विम्याचे हिरेमठ साहेब स्कूटर लावून आत येत आहेत.

“एन्री, काय हो पाव्हणं! कधी आलासा?”

“हे काय, आत्ताच.”

“औंदा तरी जमणार काय आमच्या रवळूचं?”

“बघायचं साहेब. मुलीच्या मामाचं मन भरंना झालंय.”

पलीकडे ड्रिलिंग मशीनवर उभ्या रवळूने लाजल्यासारखी मान खाली घातली. त्याला दोन पोरं होती आणि थोरलं शाळेत जात होतं.

हे असं का, ते सांगायला हवं. नियम साधा आहे. एका छताखाली दहा किंवा दहाच्या वर माणसं पगारावर असली की मालकाने कामगार विम्यात नोंद करायची. थोडे पैसे मालकाने घालायचे, त्याहून थोडे कामगाराच्या पगारातून जायचे, आणि कामगाराला एक कार्ड मिळायचं. मग तो, त्याची बायको, पोरं, सगळ्यांचा दवाखाना फुकट. नऊ माणसं असली तर यातलं काहीच नाही. दहा माणसांना आजार होतात आणि नऊ माणसांना नुसती कणकण येते, असा सरकारचा अनुभव असावा.

त्यामुळे त्या रस्त्याला बघाल तिकडे नऊच. एका शेडात नऊ, मधे पत्र्याची भिंत, पलीकडे मालकाच्या बायकोच्या नावावर नऊ. एकाने तिसरी कंपनी सासूच्या नावावर काढली होती. सासूशी त्याचं बोलणं बंद होतं, पण भागीदारी उत्तम चालली होती.

शांतिनाथ अण्णा मूळचे निपाणीचे. घरचा तंबाखूचा धंदा. तंबाखूने माणसं मरतात हे मनाला लागून त्यांनी तो भावांवर सोडला आणि बेळगावला येऊन लोखंडात पडले. लोखंडाला जीव नसतो, एवढी त्यांची खात्री होती. पंपांचे भाग कातून द्यायचे, दिवस मावळायच्या आत जेवायचं, पाणी फडक्याने गाळून प्यायचं, असा सरळ माणूस. मुंगी पायाखाली आली तर पाय हवेत धरून उभे राहायचे. टिळकवाडीत बसणाऱ्या प्रणिता मॅडम त्यांचे कागद बघायच्या. नऊ माणसांचे कारखाने ही मॅडमची खासियत. त्यांनी सांगितलं, नवाच्या पुढे जाऊ नका. अण्णांना ते लगेच पटलं. ते णमोकार मंत्र नऊ वेळा म्हणत. “नवात सगळं आलं मॅडम,” ते म्हणाले, “दहाव्याची हाव मला न्हाय.”

पण काम वाढलं आणि मोठ्या लेथला हात मिळेना. तेव्हा बेळगुंदीचा भरमा मिळाला. आधीच्या ठिकाणी मालकाने मशिनं विकून मंगल कार्यालय काढलं होतं, त्यामुळे तो मोकळाच होता. कामाच्या पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून त्याच्या बायकोने, जयाबाईने, घरच्या रताळ्यांची पिशवी भरून दिली आणि लग्नातला पांढरा शर्ट घालायला लावला. भरमा शेडच्या दारात आला, चप्पल बाहेर काढली, आणि आत बघतो तर हिरेमठ साहेब माणसं मोजत उभे. नऊ मोजून झाली होती.

“हे कोण?” साहेबांनी विचारलं.

खोटं बोलायचं नाही हा अण्णांचा नेम. पण तोंडातून शब्द निघून गेला आणि तो ‘पाव्हणं’ असा निघाला. तसं बघायला गेलं तर खोटंही नव्हतं. पांढऱ्या शर्टात, हातात पिशवी घेऊन, चप्पल काढून दारात अवघडून उभा राहिलेला माणूस आमच्याकडे पाहुणाच असतो. त्याला खुर्ची दिली गेली. चहा आला. तो आधी नको म्हणाला, मग राहू दे म्हणाला, मग प्यायला. इतका अस्सल पाहुणा साहेबांनी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

“कशासाठी आलेत?”

अण्णांनी इकडे तिकडे बघितलं. समोर रवळू होता, त्या वेळी खरोखरच बिनलग्नाचा. “ह्याला स्थळ घेऊन आल्यात,” अण्णा म्हणाले आणि कपाळाचा घाम पुसला.

रताळी जमिनीखालची, ती अण्णांना चालत नाहीत. पिशवी साहेब घेऊन गेले. साहेबांच्या घरी ती फार आवडली.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “छान झालं की. दहावा ठेवायचाच असला तर तो कामगार नको. पाहुणा झालाय ना? पाहुणाच राहू दे.”

तेव्हापासून भरमा पाहुणा. रोज सकाळी बेळगुंदीहून यायचा, दिवसभर मोठी लेथ चालवायचा, आणि गेटातून साहेबांची स्कूटर दिसली की हात पुसून, दारामागच्या खिळ्याचा शर्ट चढवून खुर्चीत जाऊन बसायचा. पाहुण्याला पगार देत नाहीत, म्हणून महिन्याच्या महिन्याला अण्णा त्याला पाकीट द्यायचे, आहेरासारखं, वर एक रुपया जास्त घालून. मॅडम ते ‘पाहुणचार खर्च’ म्हणून दाखवायच्या. कागदोपत्री बघितलं तर अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात अण्णांइतका अगत्यशील कारखानदार दुसरा नव्हता.

मधे दोन जुनी माणसं सोडून गेली. भरमाला नवात घेता आलं असतं. पण साहेब त्याला पाहुणा म्हणून ओळखत होते, दरवर्षी रताळ्यांची चौकशी करत होते. ओळखीचा पाहुणा एकदम कामगार कसा दाखवायचा? नवी माणसं आली, नवात बसली. भरमा आपल्या कामात इतका चांगला निघाला की त्याला दुसरं काम मिळेनाच.

घरी जयाबाईला ह्याची भारी गंमत. तो दारात आला की ती म्हणायची, “या पाव्हणं, हातपाय धुवा. जमलं का स्थळ?”

“न्हाय गं. मामा आडवा येतोय.”

“मामाला सांगा, आमचं पाव्हणं लई भुकेलं हायत.”

मूलबाळ नव्हतं. दोघांनी ही थट्टाच तेवढी लहानाची मोठी केली.

मग एका वर्षी जयाबाईला धाप लागायला लागली. आधी विहिरीवरून येताना, मग चुलीपासून दारापर्यंत येताना, मग बसल्या जागी. पाय सुजले. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, यंत्र फिरवलं आणि सांगितलं की काळजाची एक झडप खराब झालेली आहे, बदलायला हवी. खर्चाचा कागद भरमाच्या हातात दिला. भरमाने तो बघितला, आपण उलटा धरलाय असं वाटून फिरवला, आणि पुन्हा फिरवला.

“बीपीएल कार्ड?” खिडकीतल्या बाईने विचारलं.

ते रद्द झालं होतं. एकत्र कार्डावर भावाचं नाव होतं आणि भावाने कुणाची तरी जुनी मोटार घेऊन परड्यात लावली होती. ती चालत नव्हती. तिच्यात कोंबड्या बसायच्या. पण सरकारच्या कॉम्प्युटरात ती चालत होती, आणि मोटारवाल्या घराला गरीब म्हणता येत नाही.

“कुठं कामाला आहात? कामगार विम्याचं कार्ड असलं तर सगळं होतंय बघा. फक्त नवीन कार्डाला मोठं ऑपरेशन लगेच मिळत नाही, काही महिने जावे लागतात. काढायचं असलं तर आजच काढा.”

“तवर टिकंल का ती?” भरमाने डॉक्टरांना विचारलं.

“गोळ्या देतो. टिकायला हवी. पण उशीर करू नका.”

भरमा त्याच दिवशी अण्णांपुढे जाऊन उभा राहिला. पाहुणा झाल्यापासून पहिल्यांदाच त्याने काही मागितलं.

अण्णांनी सगळं ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं. “जयाबाई मला बहिणीगत हाय रं. गोळ्यांचं मी बघतो. गाडी पाठवतो. आमच्या मंडळीला, राजश्रीला, डबा द्यायला सांगतो.”

“डबा नगो अण्णा. मला मोजा.”

अण्णा हळूच म्हणाले, “तू मोजलास की दहा झाली. दहाचा भार मला सोसायचा न्हाय. परत नऊ केली तर कुणाचा इस्वास बसायचा न्हाय, मग मला आठच करायला लागतील. दोघं कोण, तू सांग. तू बोट दाखीव, मी काढतो.”

हे धमकावणं नव्हतं. अण्णांना खरंच तसं वाटत होतं आणि खरंच त्यांना कुणाला काढता आलं नसतं. म्हणून तर ते काम त्यांनी भरमावर सोपवलं.

भरमा विमा ऑफिसात जाऊन आला. तिथल्या माणसाने त्याचं नीट ऐकून घेतलं. पगाराचा काही पुरावा आहे का विचारलं. भरमाने पाकिटं काढून दाखवली. एकावर ‘शुभविवाह’ छापलेलं होतं. तो माणूस थोडा वेळ त्या पाकिटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “असं करा. साहेब तपासणीला येतील त्या दिवशी मशीनवर उभे राहा. आणि सांगा, मी इथला कामगार. बाकी काही लागत नाही.”

एवढं सोपं असेल असं भरमाला वाटलं नव्हतं. खुर्चीत जाऊन बसायचं नाही. बस्स.

दुपारच्या जेवणाला त्याने सगळ्यांना सांगून टाकलं. चोरून करणं त्याला जमणार नव्हतं. डबे उघडे होते, कुणी घास तोंडाशी नेईना.

“दहा झाली तर दोघांस्नी काढणार म्हनत्यात अण्णा,” रवळू म्हणाला. ड्रिलवर कुणालाही उभं करता येतं, म्हणजे जायचा झाला तर तोच पहिला. “माझी दोन पोरं हायत भरमादा.”

“मग तुला बी कार्ड मिळंल की. पोरास्नी बी.”

“काम ऱ्हायलं तर कार्ड. काम गेल्यावर त्या कार्डाचं काय, भाकरीबरोबर खायचं?”

“जयाला धाप लागत्या रं रवळू.”

रवळूने डबा झाकला. त्याच्या लग्नात जयाबाईनेच त्याच्या बायकोची ओटी भरली होती. तो काहीच बोलला नाही. बाकीचेही बोलले नाहीत. पण कुणी नाहीही म्हणालं नाही, आणि भरमाने त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा घेतला. माणूस अडला की गप्प बसणाऱ्यांना आपल्या बाजूला मोजतो.

साहेब आले तो दिवस उन्हाचा होता. स्कूटर दिसली, शेडमधला आवाज नेहमीसारखा बारीक झाला. शर्ट खिळ्याला होता, खुर्ची रिकामी होती. भरमा मोठ्या लेथवर मान खाली घालून उभा. कातायला लावलेला जॉब फिरत होता, लोखंडाची साल निघून पायाशी पडत होती. नऊ माणसं त्याच्याकडे बघत नव्हती, आणि न बघणं दुरूनही दिसत होतं.

साहेब एकेक माणूस मोजत लेथपाशी आले आणि थबकले. चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग राग. राग भरमावर नव्हता.

“अण्णाऽऽ! काय हे? पाव्हण्याला कामाला लावलाय? हात बघा त्यांचे! आमच्या गावात असं केलं तर त्या घराला परत कोण मुलगी देणार नाही!”

“साहेब,” भरमा म्हणाला. आवाज मशीनमध्ये बुडाला, म्हणून त्याने मशीन बंद केलं. “मी पाव्हणा न्हाय. मी हितं कामाला हाय. अकरा वर्सं झाली. मला मोजा.”

शेडमध्ये एक पंखा तेवढा फिरत राहिला.

साहेब हसले. फार मायेने हसले. “बघा अण्णा, माणूस कसा असतो! तुमच्यावर बोल येऊ नये म्हणून स्वतःला कामगार म्हणवून घेतो. असले सोयरे मिळायला नशीब लागतंय.”

“न्हाय साहेब, खरंच...”

आता मात्र साहेब जरा गंभीर झाले. शेवटी ते सरकारी माणूस होते. ते रवळूकडे वळले. “रवळू, तू सांग. हे कोण तुझे?”

आठ जणांनी रवळूकडे बघितलं. अण्णांनी डोळे मिटले. रवळूने ड्रिलच्या टेबलावरचा लोखंडाचा किस हाताने गोळा केला, पुन्हा पसरला.

“सासरं,” तो टेबलाला म्हणाला. “हुणारं.”

मग अण्णांनी स्वतः ऑफिसातली खुर्ची उचलून आणली, खांद्यावरच्या टॉवेलने पुसली आणि लेथच्या शेजारी मांडली. कपबशीही स्वतःच घेऊन आले. अर्धा चहा बशीत आला होता. कामगारापुढे चहाचा कप धरून मालक उभा राहिलेला त्या रस्त्यावर कुणी बघितला नव्हता.

“घ्या पाव्हणं,” अण्णा म्हणाले.

आता एकच करायचं होतं. घ्यायचा नव्हता. नको म्हणून मशीन पुन्हा सुरू करायचं होतं. भरमाला हे अगदी लख्ख कळत होतं. पण समोर धरलेल्या चहाला नको म्हणणं म्हणजे धरणाऱ्याच्या तोंडावर मारणं, हे त्याच्या हातांना त्याच्याही आधीपासून ठाऊक होतं. “नगो,” तो म्हणाला. अण्णांचा हात तसाच राहिला. “ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. आणि हात पुढे गेला. बोटं आपोआप मुडपली, नखं दिसू नयेत म्हणून.

तो खुर्चीत बसला. साहेबांनी नऊ लिहिले.

घरी जयाबाई उशाला दोन पोती घेऊन टेकून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास पुरत नसे. त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

“चहा कसा हुता?” तिने विचारलं.

“ग्वाड.”

“मग काय करणार तुमी तरी.” थोडं थांबून, श्वास गोळा करून ती म्हणाली, “त्या रवळूला बोल लावू नगा. पोरांचा बाप हाय.”

रताळी काढायच्या आधीच जयाबाई गेली. दुपारची वेळ होती. भरमा शेडमध्ये होता. निरोप आला तेव्हा तो हात पुसून, सवयीने शर्ट चढवून निघाला.

दिवसकार्याला अण्णांनी शेड बंद ठेवली. स्वतः आले, राजश्री आक्का आल्या, नऊच्या नऊ जण बायकापोरांसह आले. आणि कुणी बोलावलं नसताना हिरेमठ साहेब आले. शेडला कुलूप बघून त्यांनी शेजारी विचारलं होतं, आणि पाव्हण्याची बायको वारली हे ऐकून तसेच बेळगुंदीला आले होते. घर विचारत विचारत आले. इतक्या वर्षांची रताळी त्यांनी खाल्ली होती, न येऊन कसं चालेल?

ते भरमाजवळ घोंगड्यावर बसले. “आम्हाला कळवायचं तरी,” म्हणाले.

तेवढ्यात एक पोरगं पळत आलं आणि रवळूच्या गळ्यात पडलं. “पप्पा, तान्या मला मारतंय!”

साहेबांनी पोराकडे बघितलं. रवळूकडे बघितलं. “हे कोणाचं?”

दिवसकार्याच्या घरात खोटं बोलायला रवळूची जीभ उचलेना. “माझंच साहेब.”

“लग्न झालं तुझं?”

“लई दीस झालं.”

“यांच्या मुलीशी?”

“मला पोरगीच न्हाय साहेब,” भरमा म्हणाला. “पोरच न्हाय.”

शेजारची एक म्हातारी मधे पडली. दुःखाच्या घरात काहीतरी बोलायला हवं म्हणून ती बोलत होती. “लई कष्टाळू हाय वं आमचा भरमा. अण्णांच्या कारखान्यात अकरा वर्सं एक खाडा न्हाय. बायको मरायला टेकली तरी कामाला जायाचा.”

साहेब अगदी हळू म्हणाले, “अकरा वर्षं मी घरी जाऊन बायकोला सांगतोय, त्या रवळूचं जमेना, जमेना. तिनं नवस बोललाय हो.”

पंगत बसली. नऊ जण ओळीने बसले आणि लोकांनी भरमाला हाताला धरून त्यांच्या शेवटी बसवलं. साहेब समोर बसले होते. त्यांनी जेवायच्या आधी एकदा त्या ओळीवरून नजर फिरवली. ओठ हलले. मग खाली मान घालून जेवले, पानात काही टाकलं नाही, आणि अण्णांशी न बोलता स्कूटरला किक मारून गेले.

काही महिन्यांनी आदेश आला. तो कन्नडमध्ये होता. अण्णांनी ऑफिसात बसून मोठ्याने वाचला आणि मराठीत सांगितला. सदर कारखान्यात अकरा वर्षांपासून दहा माणसं कामाला होती असं दिसून येतं. सबब हा कारखाना त्या तारखेपासूनच विम्याखाली होता असं समजण्यात येत आहे. मालकाने त्या तारखेपासूनची वर्गणी व्याजासह भरावी.

अण्णांनी भरली. मॅडमना विचारलं, “आता दोघं कमी करू काय?” मॅडम म्हणाल्या, “काही उपयोग नाही. एकदा लागू झालं की आठ करा नाहीतर चार करा, सुटत नाही. लागूच राहतं.” म्हणजे कुणालाच काढायचं कारण नव्हतं. आधीही नव्हतं. हे आधी विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण भीती वाटत असताना चौकशी कोण करतो?

दहा कार्डं आली. रवळूने आपलं कार्ड खिशात घातलं, मग काढलं, मग भरमाच्या मशीनजवळ आला, काहीतरी बोलणार होता, आणि किस झाडून परत गेला.

भरमाने आदेशातलं एक वाक्य अण्णांना पुन्हा वाचायला लावलं. त्या तारखेपासूनच होता असं समजण्यात येत आहे.

“म्हंजे मागचं बदालतंय व्हय अण्णा?”

“कागदावर बदालतंय.”

“पैशे बी मागच्या तारखंपासनं घेतलं?”

“घेतलं की. व्याजासकट.”

भरमाने मान हलवली. जेवणाच्या सुट्टीत तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. तिथल्या मुलीला म्हणाला, मी सांगतो तसं लिही, सरकारी भाषेत लिही. ती म्हणाली, कन्नडमध्ये लागेल. तो म्हणाला, आधी मराठीत होऊ दे, मला नीट कळायला पाहिजे. मुलीने टाइप केलं ते असं.

प्रति, मा. अधिकारी साहेब, कामगार विमा कार्यालय, बेळगाव.

अर्जदार : भरमा जोतिबा चौगुले, लेथ ऑपरेटर, राहणार बेळगुंदी.

विषय : मागील तारखेपासून उपचार मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, आपल्या कार्यालयाच्या आदेशान्वये मी अकरा वर्षांपासून विमाधारक कामगार असल्याचे समजले. त्याबद्दल मी आभारी आहे. सदर कालावधीत माझी पत्नी जयाबाई ही हयात होती व तिच्या हृदयाची झडप बदलण्यायोग्य होती. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आपल्या कार्यालयाने वर्गणी मागील तारखेपासून भरून घेतलेली आहे. नवीन कार्डधारकास मोठ्या शस्त्रक्रियेसाठी काही महिने थांबावे लागते, तो कालावधीही आपल्या आदेशानुसार केव्हाच पूर्ण झालेला आहे. सबब, तिच्यावरील शस्त्रक्रियाही मागील तारखेपासून करण्यात यावी. तिला जिना चढवत नसल्याने खाट तळमजल्यावर मिळावी, व ऊन वाढले की तिची धाप वाढते म्हणून सकाळची वेळ देण्यात यावी. रुग्णास घेऊन कोणत्या तारखेस हजर राहावे, ते कृपया लेखी कळवावे, ही नम्र विनंती.